दातातली चौदा नंबरची सुई

आमच्या ह्यांच्या आत्याबाई शिवणकाम करतात, आणि जेवण व झोप सोडली तर त्यांचं तोंड टाचण्यांनी भरलेलं असतं. टाचण्या खोचायला मखमलीची छानशी गादी मी त्यांना करून दिली होती. ती त्यांनी दुकानाचं दार आपटू नये म्हणून दाराखाली सरकवली. "तोंड असताना गादी कशाला?" असं म्हणाल्या, अर्थात दात न उघडता. गिऱ्हाइकाची कंबर वाढली असेल तर तेही त्या तशाच सांगतात. टाचण्यांतून गाळून आलेला टोमणा जास्त लागतो.

दोरा मात्र त्या कधी कात्रीने तोडत नसत. वरच्या पुढच्या दाताला दोरा तोडून तोडून एक खाच पडली होती. तिच्यात दोरा धरला की कट्. ह्या खाचेचा त्यांना भारी अभिमान. नेमका तोच दात ठणकायला लागला, हिरडी फुगली, तेव्हा आमचे हे म्हणाले, "उपटून टाक आणि मोकळी हो."

"आधी तुझं नाक उपटू," आत्याबाई म्हणाल्या. "ते तर कशाच्याच उपयोगाचं नाही."

दुकानाच्या वरच्याच मजल्यावर दातांचा दवाखाना आहे. डॉक्टर आत्याबाईंच्या डोळ्यांदेखत वाढलेला, त्याचा पांढरा कोटही त्यांनीच शिवलेला. त्याने दाताला मागून भोक पाडलं, आतली सडलेली नस बारीक बारीक कानशींनी खरवडून काढली, औषध भरलं, वर तात्पुरतं सिमेंट लावलं आणि बजावलं, "काकू, पुढच्या खेपेपर्यंत ह्या दाताला सुट्टी."

सुट्टी आत्याबाईंनी स्वतःला कधी दिली नाही, दाताला कुठून देणार? दोरा तोडता तोडता सिमेंट निघालं, भोकात काहीतरी अडकलं, आणि जीभ तिथून हलेना. मग त्यांनी मशीनची सुई घेतली आणि टाका उसवावा तशा दात कोरत बसल्या. सुईचं टोक आतच मोडलं. वर त्यांनी दोऱ्याला लावायचं मेण थापलं आणि मला बोलावून सगळं सांगितलं.

"डॉक्टरला सांगा," मी म्हटलं.

"सांगते की. आधी त्याला बघू तर दे."

आम्ही वर जाण्यापूर्वी त्यांनी मेण खरवडून टाकलं. डॉक्टरने एक्स-रे काढला. दाताच्या मुळात एक लख्ख पांढरी रेघ दिसत होती. त्याने ती फिल्म दोनदा उजेडात धरली. मग स्टूल ओढून जवळ बसला आणि म्हणाला, "काकू, माझी चूक झाली. माझी कानस आत मोडलीय. मला कळलंसुद्धा नाही."

मी आत्याबाईंकडे पाहिलं. आत्याबाईंनी छताकडे पाहिलं.

"होतं असं," त्या मोठ्या मनाने म्हणाल्या. "माणूस आहेस. मी नाही हो रागावले."

मला खोकल्याची उबळ आली. जिन्यात मी त्यांना गाठलंच. "अहो, तो बिचारा उगाच..."

"राहू दे गं सूनबाई. आता जपून काम करेल."

त्याने जपूनच केलं. कानस बारीक असते, लवते. ती बाजूने मोकळी करून काढावी, म्हणून पुढच्या खेपेला तो तिच्या कडेकडेने कोरत आत गेला. पण सुई कसली लवतेय? ती हटेना, आणि कोरायचं टोकच घसरून मुळाच्या भिंतीतून आरपार गेलं. कागदाची वात आत घालून बाहेर काढली तर रक्ताने लालभडक.

डॉक्टरने यंत्र बंद केलं. "भिंतीला भोक पडलं, काकू. दात बहुतेक काढावा लागेल." तो हातमोजे उतरवायला लागला. "आणि मी आता ही कामं घेणार नाही. हाताचा भरवसा राहिला नाही माझ्या."

आत्याबाईंनी तोंडातला कापूस काढला. "मोजे घाल परत. कानशी मोजल्यास का तुझ्या?"

त्याने डबी उघडून मोजल्या. "सगळ्या अख्ख्या आहेत. मग हे आत काय आहे तेच..."

"सुई आहे. माझी. मशीनची, चौदा नंबरची."

त्याने अर्धवट उतरवलेला मोजा परत चढवला. "काकू, तुम्ही मला माफ केलं होतंत."

"हो ना. बरं वाटलं मला."

"मला तेव्हापासून झोप नाही."

"मला तरी कुठे होती? दात ठणकत होता."

त्याने डोळे मिटले, उघडले आणि मला म्हणाला, "वहिनी, तशीच एक सुई आणा खालून." सुई बोटांत फिरवून त्याने जाडी बघितली, वाकवून बघितली, आणि मग कडेने न जाता सरळ मोडक्या सुईच्या माथ्याला यंत्राने थरथर देत देत ती सैल केली आणि चिमट्याने टोक उपसलं. भिंतीतलं भोक वेगळ्या सिमेंटने बुजवलं.

"म्हणजे रफू," आत्याबाई म्हणाल्या.

"रफूच. आणि रफूवर ताण द्यायचा नसतो हे तुम्हाला मी सांगू? दात राहील, पण ह्याने दोरा तोडायचा नाही. कधीच."

आत्याबाई खाचेवरून जीभ फिरवत जिना उतरल्या. तेव्हापासून त्यांच्या गळ्यात नाडीला एक छोटी कात्री लटकते. दोरा कापताना त्या तिच्याकडे नव्या सवतीकडे बघावं तसं बघतात.

परवा डॉक्टर नवा कोट घालून बघायला खाली आला. हात पसरून उभा राहिला. बाहीची शिवण धरून आत्याबाईंनी सवयीने टाचण्यांची मूठ ओठांत कोंबली. त्याने एक हात खाली घेतला आणि तळवा त्यांच्या हनुवटीखाली धरला.

आत्याबाईंनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग एकेक करून टाचण्या त्याच्या हातावर सोडल्या.

"गालातली पण," तो म्हणाला.

तीही आली.

"सूनबाई," आत्याबाई म्हणाल्या, ह्या खेपेला तोंड उघडून, "ती दाराखालची गादी झटकून आण बघू."