टाकीतली कात

ओल्या वाळूचा वास आला की खालापूरच्या खोलीतली काचेची टाकी आठवते. तिच्यात मी बोटाएवढा, नारिंगी क्रेफिश, म्हणजे नांग्या असलेला झिंग्यासारखा जीव, पाळला होता. एका सकाळी तो तळाशी निपचित दिसला. मेला समजून त्याला कागदावर काढलं आणि टाकीतलं पाणी वाळूसकट मागच्या गटारात ओतलं. तेवढ्यात कशेळ्याहून आई आली. जन्मभर शेतात चिंबोऱ्या-खेकडे पकडलेल्या तिने तो तळहातावर घेतला. "हलकी हाय रं. ही नुसती कात हाय. चिंबोरीबी अशीच टाकते. तो मऊ पडून वाळूत लपला असंल." दुपारपर्यंत आम्ही दोघं गटाराशी बसून वाळू चाचपत राहिलो. तो मिळाला नाही. काही वर्षांनी आई वारल्यावर तिच्या साड्या कुणाला तरी द्यायला काढल्या. पहिलीच साडी हाताला हलकी लागली, आणि मी सगळ्या परत कपाटात ठेवल्या.