गर्दी उतरवणारा माणूस

तळहात जमिनीकडे करून तो हवा हळूहळू खाली दाबायचा, उतू जाणाऱ्या दुधाला समजवावं तशी. सोबत ठरलेलं वाक्य: "बंद नाही करायचं बाप्पा, उतरवायचं."

लग्नाच्या आदल्या रात्रीचे संगीताचे कार्यक्रम तुम्ही पाहिलेच असतील. त्यात माइक धरून बोलणारी मी, आणि साउंडच्या टेबलामागून गाणी वाजवणारा तो. अमरावतीपासून अकोल्यापर्यंतच्या लॉनवर आम्ही बरेच सीझन एकत्र काढले. सगळे त्याला भाऊ म्हणायचे, मीही.

एका जागी तो कधी नसायचाच. वायर तपासून ये, स्पीकरला हात लावून ये, शर्टाची बाही दुमड, पुन्हा सोड. जेवायचाही ताट हातात घेऊन, फिरत फिरत. "भाऊ, बसा ना जरा," म्हटलं की म्हणायचा, "बसलो का जंग लागते मले."

बाकीचे लोक शेवटचं नाचाचं गाणं संपलं की बटण बंद करतात. भाऊ मात्र त्यानंतर एक संथ धून लावायचा, मग तिच्याहून संथ. शब्द नाहीत, नुसता खालच्या आवाजातला ठेका, शेजारच्या खोलीत कुणी सावकाश चालत असल्यासारखा. घामाघूम पोरं खुर्च्या शोधायची. मावश्या सँडल काढून पाय पसरायच्या. नवरी आईच्या खांद्यावर डोकं टाकायची.

अकोल्यात एकदा नाचताना धक्का लागला म्हणून नवरदेवाच्या मित्रांनी एकमेकांच्या कॉलरी धरल्या. काका ओरडले, "बंद करा ते!" भाऊने बंद केलं नाही. चाल हळू करत नेली, करत नेली. मारामारीलाही ठेका लागतो हे मला तेव्हा कळलं. कॉलरी हातातच होत्या, पण पुढे काय करायचं ते कुणाला सुचेना. शेवटी एकजण म्हणाला, "चाल बे, पाणी पिऊ."

परतीच्या गाडीतही त्याचाच पेन ड्राइव्ह. कार्यक्रम संपला तरी माझं डोकं थांबायचं नाही, स्टेजवरची माझीच वाक्यं आत घोळत राहायची. "शब्द नसलेलं आयका ताई," तो म्हणायचा. "शब्द आले का डोस्कं पुन्हा चालू." मूर्तिजापूर येईपर्यंत मला झोप लागलेली असायची.

एकदा अकोल्याहून येताना तो पेन ड्राइव्ह चालेचना. गाडीत शांतता झाली. आम्हाला बरं वाटलं, पण भाऊची घालमेल सुरू झाली. काच खाली कर, वर कर, डॅशबोर्डवर बोटं वाजव. चहाला थांबलो तर तो चहा सोडून टपरीमागच्या जनरेटरजवळ जाऊन उभा राहिला. मी कप घेऊन गेले.

"भाऊ, इथं काय करून राहिले? नुसता धूर आहे."

"आवाज हाय," तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, "शांत झालं का मले शिट्टी आयकू येते ताई. कानातल्या कानात. झोपूच देत नाही."

"डॉक्टरला दाखवलं?"

"दाखवलं ना. म्हणे, हा धंदा सोडा. घरी नाही सांगितलं अजून."

"म्हणजे ती हळू गाणी तुम्ही स्वतःसाठी लावता?"

"तुमच्यासाठीच लावतो. माह्या कानाचं त्यात भागून जाते." तो हसला. पाय मात्र हलतच होता.

पुढच्या उन्हाळ्यात अमरावतीत एका लॉनवर सकाळची हळद होती. बोलता बोलता मी स्पीकरसमोर गेले आणि माइकने कर्कश शिट्टी मारली. पाहुण्यांनी हळदीच्या हातांनीच कान झाकले, एक तान्हं किंचाळून रडू लागलं. मी भाऊकडे पाहिलं. तो एकटा, कान न झाकता, शांत उभा होता. रोजचीच आहे, जाईल आपोआप, अशी वाट पाहत.

मी माइक बंद केला. नवरीचा मामा त्याच्या अंगावर धावून गेला. "बहिरा झाला का बे तू?"

भाऊ माझ्याकडे वळला. "ताई, बाहेर वाजून राहिलं होतं?"

"हो भाऊ."

त्याने गळ्यातले हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि तो एका रिकाम्या पेटीवर बसला. कार्यक्रमात त्याला बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "मग आता नाही जमत बाप्पा," तो म्हणाला.

तो वहिनींच्या माहेरी वरूडला गेला. संत्र्यांच्या पॅकिंगवर काम करतो म्हणतात. त्याच्या जागी आलेला माणूस काम चोख करतो. शेवटचं गाणं संपलं की बटण बंद. लोक वर केलेले हात घेऊन क्षणभर तसेच उभे राहतात, मग चपला शोधायला लागतात. गाडीत आम्ही आपापले इअरफोन लावून बसतो. मूर्तिजापूर जातं, बडनेरा येतं, मी टक्क जागी असते.

मध्यंतरी एका दुपारी त्याचा फोन आला. मागे ट्रॅक्टर धडधडत होता.

"ताई, बोला काईतरी. किती आयकू येते ते पाहतो."

"काय बोलू?"

"काईबी. पण हळू हळू."

मी गॅलरीत उभी होते. दोरीवर कपडे टाकलेत म्हटलं. आज आंबाडीची भाजी केली, जरा तिखट झाली. समोरच्यांनी गेट रंगवलं, मांजराच्या पाठीला निळा पट्टा लागला. पलीकडून "हां, हां" येत होतं, मग ते येईनासं झालं. ट्रॅक्टरही थांबला.

"भाऊ?"

फोनमधून श्वास तेवढा येत होता, लांब, एकसारखा. मी आवाज आणखी खाली आणला आणि दोरीवरच्या कपड्यांपासून पुन्हा सुरुवात केली.