माहेरचा खोकला

धाकटा भाऊ धुळ्याला जिनिंगमध्ये, मी एरंडोलला शाळेत. त्याचा खोकला रुईचा, माझा खडूचा, अशी आमची वाटणी पंचवीस वर्षं सुखानं चालली. मला तर दोनदा टीबीची औषधंही देऊन झाली. थुंकीत कधी काही सापडलं नाही, पण भीती बसली ती बसलीच. नात झाली तेव्हा ठरवून टाकलं, पोरीचा मुका घ्यायचा नाही. रांगत जवळ आली की म्हणायचे, तिकडे बस. सुनेला वाटायचं, सासूबाईंना मुलगीच नको होती. वाटू दिलं.

मग भावाचा फोन आला. "अक्का, डॉक्टर म्हनस, हाऊ रुईना खोकला नही शे. आपला घरना शे. तुले बी तपासी लेनं पडी."

मी चिडलेच. पन्नाशीला आल्यावर कसला जन्माचा रोग? पण गेले पुण्याला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी छातीआधी घामाचंच विचारलं. कपड्यांवर मिठाचे पांढरे डाग पडतात का? मला हसू आलं. म्हटलं, बाई, आमच्याकडे मे महिन्यात कोणाच्या पाठीवर पडत नाहीत? लहानपणी आमच्या अंगावर मीठ फुटायचं, तर आई कौतुकानं सांगायची, माझी पोरं कामाची आहेत.

बाई हसल्या नाहीत. हातावर यंत्र लावून घाम काढला, मोजला, मग रक्त तपासलं. आईकडून एक खोट, वडिलांकडून एक, दोन्ही आमच्या वाट्याला आलेल्या. त्यानं छातीतला कफ घट्ट होतो, साचून राहतो. औषधं, वाफ, रोज छाती ठोकून घेणं. करीन म्हटलं, कामाला मी कधी भ्याले नाही. मला एकच विचारायचं होतं. घरात तीन वर्षांची नात आहे, तिला माझ्या खोकल्यानं लागेल?

"मुलाचं, सुनेचं रक्त तपासून घेऊ. पण खोकल्यानं हा लागत नाही. कधीच लागत नव्हता."

परतताना एसटीत रडले आणि स्वतःला भरपूर शिव्या घातल्या. घरी नात ओट्यावर खेळत होती. मी हात पसरून म्हटलं, ये.

ती सुनेकडे बघून म्हणाली, "आई, आजीजवळ जायचं नसतं ना?"

मग मीच गेले. उचलली आणि गालाला गाल लावला. पोर अंग चोरून राहिली. राहू दे म्हटलं, आणि सोडली नाही.