बाबांच्या चित्रातले केक

आमच्या घरात केकचा डबा उघडला की केक लगेच कापला जात नाही. आधी किस्से निघतात. परवा नातवाच्या वाढदिवसाचा डायनोसॉर टेबलावर वितळत होता आणि आम्ही म्हातारी माणसं अजून बेबीच्या कोंबडीपाशीच होतो. सुना वैतागतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. पण हे किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही हो, ते आपोआप साठतात. एक काढला की दुसरा त्याच्या शेपटीला धरून बाहेर येतो.

बेबी म्हणजे माझी धाकटी बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. घर मालवणात, बंदरापासून चालत पाच मिनिटांवर. बाबा परदेशी जाणाऱ्या बोटीवर आचारी. दीड-दोन वर्षांनी एकदा घरी यायचे, पण बेबीच्या वाढदिवसाला कधी म्हणजे कधी नाही. तो असायचा दसऱ्यानंतर चार दिवसांनी. बोटीवर उतारूंच्या पोरांचे केक करता करता त्यांच्या मनात आलं, आपल्या पोरीलाही असा केक हवा. मग ते पत्रातून केकचं चित्र काढून पाठवायला लागले, आणि तो करायचा घरातल्या तीन बायकांनी. आई, काकी आणि आते. आते ही बाबांची थोरली बहीण, घरात तिचा शब्द शेवटचा. केक कशाशी खातात हे तिघींनाही माहीत नव्हतं.

*

पहिलं चित्र आलं कोंबडीचं. बेबीला दोन वर्षं होत होती. खाली बाबांनी कृती लिहिली होती, ती बोटीवरच्या वहीतून जशीच्या तशी उतरवलेली. मी मोठ्याने वाचली, "अंडी साठ."

आतेने हातातलं सूप खाली ठेवलं.

"साठ अंडी घालून एक कोंबडी? आमची तर एका अंड्यातसून भायर येता."

शेवटी मी सगळ्याला दहाने भागलं आणि सहा अंड्यांवर भागवलं. ओव्हन कुठून असणार? काकडीची तवसळी भाजतात तसा केक भाजला, टोपाखाली निखारे आणि झाकणावर निखारे. पितळी वाट्यांत अंग आणि डोकं वेगळं भाजून जोडलं. डोळे मिऱ्यांचे, तुरा आमसुलाचा. बेबीने पहिल्यांदा तुराच तोंडात घातला, आणि नंतर सहा महिने कुणी केकचं नाव काढलं की ती आधीच तोंड आंबट करायची.

*

पुढच्या वर्षी घड्याळ. गोल म्हणजे सोपं, म्हणून तिघी खूश होत्या. पण त्या दिवशी बाजारात खायचा सोडा मिळेना. काकी म्हणाली, माडाची आंबलेली माडी घातली की पीठ फुगतं. फुगतं खरं, पण दिवस होते दारूबंदीचे. काकी कुठेतरी जाऊन पदराखाली तांब्या घेऊन आली आणि कुठून आणला ते तिने मरेपर्यंत सांगितलं नाही.

केक फुगला तो झाकण निखाऱ्यांसकट वर उचलून. वास सगळ्या वाडीत. दोन घरं सोडून एक पोलीस राहायचे. ते वासाच्या मागोमाग थेट आमच्या दारापुढच्या खळ्यात येऊन उभे राहिले. आई पांढरीफटक पडली. आतेने पाट मांडला आणि बशीत एक तुकडा ठेवला. त्यांनी तो शांतपणे खाल्ला, मिशी पुसली.

"वास बरो नाय. तपासाक आणखी एक तुकडो व्हयो."

आकड्यांच्या जागी काजूगर लावले होते. तपास संपला तेव्हा घड्याळातले दोनपासून सहापर्यंत वाजायचे बंद झाले होते.

*

चौथ्या वाढदिवसाला आगगाडीचं इंजिन. आमच्याकडे रेल्वेचा पत्ता नाही, तिघींपैकी कुणी गाडी पाहिलेली नाही. नशिबाने काका रजेवर आले होते. ते मुंबईला गिरणीत होते आणि रोज गाडीने जायचे. त्यांना मधोमध बसवून विचारलं, इंजिनाला चाकं किती?

काकांनी बराच विचार केला. "मी आत बसतंय. माका चाकां खंय दिसतत?"

आतेने अंदाजाने आठ लावली, नारळाच्या वड्यांची. वर धुराड्यात उदबत्ती खोचली.

त्याच वर्षी बाबांनी लिहिलं होतं की पोरीला मेणबत्तीवर फुंकर मारू द्या. वाढदिवसाला ज्योत विझवायची हे आतेला मुळीच पटलं नाही. तिने निरांजन लावलं आणि ओवाळायला घेतलं. बेबीने पत्र ऐकलेलं होतं. तिने फुंकर मारून निरांजन विझवलं. आतेने पुन्हा लावलं, बेबीने पुन्हा विझवलं. तिसऱ्या खेपेला आतेने तिला माजघरात पाटावर बसवून ओवाळलं ते ओटीवरून.

*

आता शेवटचा. हा निघाला की सुनासुद्धा गप्प बसतात.

बेबीला पाच वर्षं होणार होती. त्या वर्षीचं चित्र पावसाळ्याआधीच आलं होतं. बाबांची स्वतःची बोट. दोन धुराडी, गोल खिडक्यांची रांग, आणि एका खिडकीवर शाईची फुली. बाजूला लिहिलं होतं, "ह्या खिडकीत मी." बेबीने ते चित्र उशाखाली ठेवून पार मऊ केलं होतं.

त्यानंतर पत्र आलं नाही. पावसात टपालाला उशीर होतो म्हणून आम्ही थांबलो. मग पावसात बंद असलेल्या मुंबईच्या आगबोटी सुरू झाल्या, गणपती गेले, दसरा गेला, तरी पत्र नाही. आई रोज टपालवाल्याच्या वेळेला काहीतरी काम काढून ओटीवर बसायची. बाबांबद्दल कुणी बोलत नव्हतं. पण केक करायचा असं आईनेच ठरवलं. पोरीला काही कळता कामा नये, एवढंच ती म्हणाली.

बोट मात्र काय झाली होती! मुंग्या लागू नयेत म्हणून परातीत पाणी घालून मध्ये उपड्या ताटलीवर ठेवली, तर खरोखरच पाण्यावर उभी. काजूच्या खिडक्या आणि एका काजूवर हळदीकुंकवाच्या पाण्याने ओढलेली फुली. शेजारची पोरं जमली. आईने सुरी हातात घेतली आणि तिचा हात तिथेच थांबला.

आते म्हणाली, "सुरी ठेव खाली. त्या खिडकीत माजो भाव आसा."

पोरांना खाजा वाटून घरी पाठवलं. मला वाटलं, बेबी आता भोकाड पसरणार. ती रडली नाही, केक मागितलाही नाही.

बोट तशीच राहिली. बुरशी धरू नये म्हणून आते दर दोन दिवसांनी ती टोपात घालून खाली-वर निखारे ठेवायची. प्रत्येक भाजणीला बोट थोडी लहान, थोडी काळी आणि थोडी कडक होत गेली. परातीतलं पाणी आई रोज सकाळी बदलायची. मला तेव्हा त्या परातीची भीती वाटायची.

सोळाव्या दिवशी बाबा आले. कुठल्याशा बंदरात टायफॉइड होऊन इस्पितळात पडले होते, त्यांची पत्रं मागाहून आली. अंगाने निम्मे झाले होते. चहा पिता पिता त्यांचं लक्ष परातीकडे गेलं आणि ते हसायला लागले. सुरी मागवली, लावून बघितली. ओरखडासुद्धा उठेना.

"केक मऊ होतो तेवां कित्याक नाय कापलात?"

बेबी त्यांच्या मांडीवर बसली होती. तिने फुलीच्या काजूवर बोट ठेवलं.

"तेवां तू खिडकीत होतंस."

आते नारळ फोडायचा कोयता आणते म्हणून आत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.