सूचकाचं मत

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी मिरवूनच सांगते, कारण मिरवायला दुसरं काही नव्हतं. नव्वदीच्या त्या वर्षांत मी बारामतीला बी.ए. करत होते आणि इंदापूरच्या वादविवाद स्पर्धेत माझं नाव गेलं होतं. विषय होता, छोट्या डोंगराळ देशाला अतिवेगवान रेल्वेची गरज आहे काय? बाजू आयत्या वेळी चिठ्ठी उचलून ठरणार होती.

घरी सांगितलं, तर वडील चिठ्ठीपाशीच अडले. आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो.

"चिठ्ठीवर पाण्याची पाळी ठरती पोरी, मत कसं ठरंल? मत आधी ठरवायचं, मग त्वांड उघडायचं."

आणि मत ठरवायला ते ग्रामसभेत गेले. आमचं गाव कोऱ्हाळे बुद्रुकच्या पलीकडं. गटाराचा विषय झाला, आयत्या वेळचे विषय आले, तसे आण्णा उठले. "आपली पोरगी इंदापुरात बोलणार हाय. गावाचं मत घिऊन जाऊ द्या तिला."

"देश कंचा?" शेजारच्या वस्तीवरच्या तात्यांनी विचारलं.

"छोटा हाय आन डोंगराळ हाय. नाव दिलेलं न्हाय."

"मग गाडीनं वेग घ्यायच्या आत शीव यायची की! थांबणार कुठं, शेजाऱ्याच्या उसात?"

"तेच म्हणतो मी," आण्णा म्हणाले. "डोंगराला भोक पाडून बिगीबिगी जायाचं आन करायचं काय? पल्याड बी डोंगरच."

ग्रामसेवकांनी पेन थांबवलं. "पण हा विषय आपल्या अखत्यारीत येतो का?"

"गटार येतं नव्हं अखत्यारीत?" तात्या म्हणाले. "ते तरी कुठं झालं? लिवा."

त्यांनी लिहिलं. सदर देशास वेगवान रेल्वेची गरज नाही, असे सर्वानुमते ठरले. सूचक आमचे आण्णा, अनुमोदक तात्या.

स्पर्धेला गाव ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून निघालं. मी म्हटलं, एसटीनं जाऊ. पण ठराव गावाचा, तर गावानंच जायचं. पहाटे निघालो. वाटेत टायर बसला, पुढं पुलावर उसाच्या बैलगाड्यांमागं अडकलो. इंदापुरात उतरलो तेव्हा तात्यांना सरळ उभं राहता येईना आणि स्पर्धा निम्मी उरकली होती.

मी धावत जाऊन चिठ्ठी उचलली. अनुकूल.

पहिल्या दोन रांगांत माझं गाव बसलेलं. आण्णांच्या खिशात ठरावाची नक्कल, घडी घातलेली. त्यांनी गावापुढं मांडलेली गोष्ट मला त्याच गावासमोर खोडायची होती. न बोलता उतरले असते, तर पुन्हा कुठल्या तोंडानं कॉलेजात गेले असते? आणि बोलले, तर आण्णा कुठल्या तोंडानं ट्रॉलीत बसले असते?

मी बोलायला लागले. पाठ केलेलं काही आठवेना, म्हणून जे सकाळी घडलं होतं तेच सांगितलं.

"डोंगरातल्या देशात दोन गावं समोरासमोर दिसतात, पण पोचायला दिवस जातो. लांब कशाला? आज माझे वडील लेकीचं भाषण ऐकायला अंधारात निघाले. आमच्या वाटेत एक टेकडीसुद्धा नाही, तरी भाषण हुकायची वेळ आली. मग डोंगरातल्या बापानं काय करायचं?"

"व्हय! खरं हाय!" आण्णा ताडकन उठले. "कंबर मोडली आमची!"

परीक्षकांनी घंटी वाजवली. तात्या कळवळून ओरडले, "आरं, सूचकच फुटला की!"

सगळं सभागृह हसलं, घंटीवाले परीक्षकसुद्धा. मला दुसरा नंबर मिळाला. तात्यांचं म्हणणं, पहिला आण्णांमुळं गेला. परतीच्या वाटेवर त्यांनी आण्णांकडून ठरावाची नक्कल मागून घेतली आणि गचके बसू नयेत म्हणून ढुंगणाखाली घातली.

पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त कायम करायची वेळ आली, तेव्हा आण्णांनी हात वर केला. "त्यातलं माझं नाव खोडा."

"झालेल्या ठरावात खाडाखोड चालत नाही," ग्रामसेवक म्हणाले.

बरीच बाचाबाची झाली. शेवटी ठरावाखाली एक ओळ वाढवली. पदवीधर झाल्यावर मी पंचायतीत जाऊन ती वाचून आले. 'सूचकाने आपले मत इंदापूर येथे बदलले. अनुमोदक ठाम आहेत.'