विमलवहिनीचा हात अळणी नव्हता

निरोप आला तेव्हा मी कामठीच्या बस स्टँडवर नागपूरच्या बसची वाट बघत उभा होतो. वहिनीकडेच निघालो होतो. काय बोलायचं, कुठून सुरुवात करायची, हे मनातल्या मनात जुळवत होतो... शेजारचा दुकानदार सायकल दामटत आला आणि पाय टेकवून म्हणाला, "पोस्टबाबू, प्रताप नगरहून फोन होता. तुमच्या वहिनी सकाळी गेल्या." बस आली, मी बसलो, आणि जुळवलेलं सगळं तसंच तोंडात राहिलं. पंधरा वर्षं मी दर दोन-चार महिन्यांनी असाच निघत होतो. तिच्याकडे चहा घ्यायचो, पोस्टातल्या गमती सांगायचो आणि शेवटच्या बसच्या आधी परत यायचो. वहिनीला जाऊन आता पाच आठवडे झाले. घरात एका जागी बसवत नाही, म्हणून लिहितो आहे.

विमलवहिनी माझ्या थोरल्या भावाची, मनोहरदादाची बायको. दादा शाळेत मास्तर, ती दुपारी शेजारच्या घरी बायकांना शिवणकाम शिकवायची. तिच्या हातच्या सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या, आमच्या साऱ्या गोतात प्रसिद्ध होत्या. कुणाचंही लग्न निघालं की नवरीच्या शालूआधी 'वड्यांना विमल येणार ना?' हे विचारलं जाई. बांगलादेशची लढाई झाली त्या हिवाळ्यात दादाच्या पायांवर सूज आली. मूत्रपिंडाचा विकार निघाला. डॉक्टरांनी मीठ बंद केलं आणि वहिनीने ते खरंच बंद केलं. पापड, लोणचं, खायचा सोडा, सगळ्या वर्ज्य गोष्टींची यादी तिने स्वतःच्या अक्षरात लिहून ओट्यावरच्या भिंतीला चिकटवली. लिंबू, लसूण, जिरं, कढीपत्ता यांच्या नाना तऱ्हा करून ती अळणी भाजी रांधायची आणि स्वतःही तीच खायची. दादा कुरकुरायचा, "विमल, तू मले गाईचा चारा चारून राहिली." ती म्हणायची, "गाय पाहा कशी ठणठणीत असते." चार महिन्यांत सूज उतरली. दादा पुन्हा शाळेत जाऊ लागला.

मग मे अखेरचा नवतपा आला. नागपूरचे हे नऊ दिवस ज्याने काढले त्याला सांगायला नको. दादा खसच्या ताट्यांआड पडून असायचा. तोंडाला चव नाही, अंगात त्राण नाही. मला वाटलं, ऊन लागलं. आमच्याकडे उन्हाला औषध एकच, भाजलेल्या कैरीचं खारं पन्हं. पण वहिनीच्या यादीत मीठ होतं... तेव्हा मी शहाणपणा केला. सैंधव उपासाला चालतं, म्हणजे ते काही मीठ नव्हे, असा हिशेब मांडला. घरून थर्मास भरून पन्हं नेऊ लागलो. वहिनी दुपारी शिवणाला गेली की दादा उठून बसायचा. पहिल्या दिवशी त्याने विचारलं, "मीठ आहे काय गा यात?" मी म्हणालो, "सैंधव आहे, दादा. एकादशीले चालते, तुले काहून नाही चालणार?" तो पेलाभर एका दमात प्याला आणि डोळे मिटून म्हणाला, "जिभेले जाग आली गा आज. वहिनीले सांगू नको." आम्ही दोघं लहानपणी चिंचा चोरल्यासारखे हसलो. वहिनीला सगळं कळतं असा तिचा जो थाट होता, त्याच्यावर मात केल्याचा आनंदही त्यात होता, हे आज कबूल करतो. पन्हं मी रोज नेलं, दहा-बारा दिवस.

जूनच्या सुरुवातीला त्याचा चेहरा सुजला. पायावर अंगठा दाबला की खड्डा पडून तसाच राहायचा. मग श्वास लागला. दवाखान्यात डॉक्टरांनी वहिनीला विचारलं, "मीठ सुरू केलं होतं का?" ती म्हणाली, "नाही डॉक्टरसाहेब. एक कणही नाही." त्यांनी पुन्हा विचारलं, "कोणतंच नाही? सैंधव, पादेलोण, पापडखार? ही सगळी मीठच आहेत." ती म्हणाली, "कोणतंच नाही." मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. खांद्यावरच्या पिशवीत थर्मास होता. त्या वाक्यापर्यंत मी चुकलो होतो. त्यानंतर मी चुकलो असं म्हणता येणार नाही... मी गप्प राहिलो. दादा चौथ्या दिवशी गेला. पुढे एका ओळखीच्या डॉक्टरांना मी दुसऱ्याच कुणाची गोष्ट म्हणून हे सांगितलं. ते म्हणाले, दुखणं मोठं होतं, नुसत्या पन्ह्यावर सगळं ढकलता येणार नाही, पण अशा रोग्याला ते विषासारखंच. त्यांच्या बोलण्याच्या पहिल्या अर्ध्या भागावर मी बरीच वर्षं निवांत झोपलो.

गोताने मात्र निकाल उलटाच लावला. भर नवतप्यात माणसाला मिठाशिवाय ठेवलं, म्हणून तो गळाला. आमची थोरली बहीण, कन्हानची ताई, हे सगळ्यांत मोठ्याने म्हणायची. दोन वर्षांनी ताईच्याच मुलाचं लग्न निघालं. वहिनी सवयीने पदर खोचून सांबार निवडायला बसली. ताई म्हणाली, "तू राहू दे वं, विमल. तुहा हात अळणी." दोघी-तिघी हसल्या. वहिनीने हातातली जुडी खाली ठेवली, पदर सोडला आणि मांडवात जाऊन बसली. त्यानंतर कुणाच्याच कार्यात तिला स्वयंपाकाला बोलावलं नाही.

आणि एक प्रसंग आहे, तो लिहायचा म्हणून मी चार दिवस हे कागद बाजूला ठेवले होते. एकदा मी निघताना वहिनी फाटकाशी आली आणि म्हणाली, "भाऊजी, तुम्ही दुपारचे ह्यायच्याजवळ बसत होते. खरं सांगा, माहं काही जास्त झालं काय? चिमूटभर मीठ देत राहिली असती तर वाचले असते काय?" मला एवढंच म्हणायचं होतं की, नाही वहिनी, तुमच्या हाताने तो बरा होत होता. मी म्हणालो, "जाऊ द्या वहिनी. ज्याच्या त्याच्या नशिबाची गोष्ट." ती मान हलवून आत गेली.

वहिनीच्या तेरवीला ताई आली, ती दोघांच्या आधाराने. तिच्या पायांवर सूज होती, चपला टाचेत जात नव्हत्या. तिलाही डॉक्टरांनी मीठ सोडायला सांगितलं आहे. ती लोणच्याची फोड उचलून म्हणाली, "मले नोको सांगू कोणी. अळणीनंच माह्या मनोहरले नेलं." मी तिच्या समोरच्या पाटावर बसलो होतो. याही वेळी मी जेवत राहिलो...

गेल्या रविवारी हे कागद घेऊन प्रताप नगरला गेलो. वहिनीच्या लेकीने, सुनंदाने, ते स्वयंपाकघराच्या दारात उभ्याने वाचले. मग तिने ताट वाढलं. त्या घरात दादा गेल्यापासून भाजीत मीठ पडत नाही. मिठाची वाटी पाटाशेजारी असते, ज्याला जेवढं हवं तेवढं त्याने घ्यावं. वहिनीने लावलेली ही रीत सुनंदा अजून पाळते. जेवण झाल्यावर तिने ताट उचललं. मग म्हणाली, "पेपरात छापायले द्या, काका. आत्याच्या घरीही आपलाच पेपर येतो."

मी म्हणालो, "आधी मी स्वतः जाऊन ताईला सांगतो."

"तुम्ही नाही सांगणार. तुम्ही जाल, चहा प्याल अन् वापस येऊन जाल. आईकडे असंच येत होते तुम्ही."

तिचं खरं आहे. म्हणून आधी हा लेख टपालात टाकतो, म्हणजे मला माघारी फिरता येणार नाही. पोस्टातून निघून तसाच पूल ओलांडून कन्हानला जाणार आहे. ताई जेवायला बसायच्या आत पोचायला हवं.