दादाचा ब्रेक, माझा पाय

दादा गेल्याचा भाच्याचा फोन आला, तेव्हा शेजारीण घरातच होती. म्हणाली, "सुटले बिचारे." मी तिला सांगितलं, माझ्या भावाला काय वाटेल ते म्हणा, बिचारा म्हणू नका. महिना होत आला, तरी तो शब्द मला डाचतोच आहे... नव्वदीतही डॉक्टरांशी हुज्जत घालणारा माणूस बिचारा कसा?

निजामाच्या राज्यात, दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत, जालन्यात दादाचं मोटारदुरुस्तीचं दुकान होतं. नवरा वारल्यावर मी विशीतच माहेरी परतले होते आणि लोकांच्या मते मी चूल सोडून कुठे दिसायलाच नको होते. पण दादाचा हाताखालचा माणूस पलटणीत गेला, आणि तेलाच्या ब्रेकला दोन माणसं लागतात. नळीचा जोड उघडला की आत हवा शिरते. ती काढायची तर एकानं गाडीत बसून ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्यानं चाकापाशी बोल्ट सैल करायचा, आणि बोल्ट परत आवळेपर्यंत पाय उचलायचा नाही. दादानं मला सरळ स्टिअरिंगपुढे बसवलं. गल्लीनं तोंडात बोटं घातली, आम्ही कामाला लागलो.

एकदा घनसावंगीकडच्या एका जमीनदाराची विलायती मोटार आली. ब्रेकचं तेल गळत होतं. कुणीतरी जोड आवळून आवळून नळीचं तोंडच चिरलं होतं. दादानं तेवढा तुकडा कापून तोंड नव्यानं पसरलं, जोड बसवला. आम्ही हवा काढत होतो, तोच मालक स्वतः दारात उभे.

"बाईमाणूस माझ्या मोटारीत? आधी उतरव तिला."

मी घाबरले. उतरायला दाराकडे हात नेला. गाडीखालून दादाचा आवाज आला, "शांता, पाय उचलू नको बिलकुल."

"जोड आवळ अन् जल्दी गाडी दे."

"आवळून न्हाई भागत, मालक. हवा काढून राह्यलो. हिनं पाय उचलला तर परत शिरंल."

"मंग गडी बोलाव दुसरा."

"हिच्यावानी बराबर धरणारा दुसरा न्हाई."

यापुढे माझीच काय, ओळखीतल्या कुणाचीच गाडी तुझ्या दारात दिसणार नाही, असं बजावून मालक टांग्यानं निघून गेले. संध्याकाळी ड्रायव्हर येऊन गाडी घेऊन गेला. मालकांनी शब्द पाळला. पुढे कितीतरी महिने आम्ही सायकली आणि तेलाची इंजिनं दुरुस्त करून पोट भरलं. माझ्यापायी एवढं कशाला ओढवून घेतलंस, असं मी एकदा विचारलं. दादा म्हणाला, "तुझ्यासाठी न्हाई, ब्रेकासाठी." खोटं बोलत होता. मला ते कळत होतं, आणि त्याच्यावर माझी माया त्या दिवशी दुप्पट झाली.

मागच्या रविवारी शोकसभा झाली. एक वक्ते म्हणाले, दादांनी मोटारीचं दुकान एकट्याच्या बळावर उभं केलं. गुडघे धरून मी उठले आणि म्हणाले, "भाऊ, एकट्यानं न्हाई. ब्रेकवर पाय माझा व्हता."

वक्त्यांनी मला खाली बसायची खूण केली. मी बसले नाही.